आठवड्यातून दोनदा अकोला

आमच्या घरात नोकरी या शब्दाचा अर्थ एकच होता : सकाळी घरातून जाणे आणि संध्याकाळी परत येणे. मधल्या वेळात काय होत असे, याची चौकशी कुणी केल्याचे मला स्मरत नाही. बाबांचे कार्यालय अकोल्यात होते आणि घर अमरावतीत. आई अमरावतीच्या शाळेत शिकवत असे. दोघांपैकी एकाने प्रवास करायचा तर तो बाबांनी, असे लग्नानंतर लगेच ठरले होते. पुढे त्यांना बदली मागता आली असती. त्यांनी ती मागितली नाही, आणि का मागितली नाही हेही आम्ही विचारले नाही. संपूर्ण नोकरीभर ते बडनेऱ्याला जाऊन पॅसेंजर धरीत, अकोल्याला उतरत आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परत येत. याला आमच्याकडे अपडाउन म्हणतात. अपडाउन करणाऱ्याकडे घरची कुठलीच कामे येत नाहीत, कारण तो बिचारा अपडाउन करतो.

मी स्वतः नोकरीला फार उशिरा लागले. शिक्षण भरपूर झाले होते. त्यानंतर अनेक वर्षे मी महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर मराठी शिकवले, आणि प्रत्येक उन्हाळ्यात ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे वाक्य निरनिराळ्या प्राचार्यांच्या तोंडून ऐकले. मी पुन्हा विचारत नसे. विचारणे हा माझा प्रांत नव्हे. चाळिशी ओलांडल्यावर अकोल्याच्या एका कंपनीत मला पहिली खरी नोकरी मिळाली. ही कंपनी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पिकांविषयी सल्ले पाठवते, आणि त्या सल्ल्यांचे मराठी तपासणे हे माझे काम आहे. फवारणी केव्हा करावी हे मला कळत नाही. ‘फवारणी करण्यात यावी’ याऐवजी ‘फवारा’ असे लिहावे, एवढे कळते.

“वावरात पाय नाही टाकला कधी,” बाबा पाहुण्यांना अभिमानाने सांगत, “आन् कास्तकारायले शिकवून राहिली.”

नोकरीचा नियम असा होता : मंगळवारी आणि गुरुवारी अकोल्याच्या ऑफिसात जायचे, उरलेले तीन दिवस घरून काम करायचे. या व्यवस्थेला हायब्रिड म्हणतात, असे मी बाबांना समजावून सांगितले.

“हायब्रिड म्हंजे ज्वारी,” बाबा म्हणाले. “पीक लय, चव नाही.”

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच होतो. इंटरनेटचे यंत्र बैठकीत बसवलेले होते आणि मागच्या खोल्यांत त्याची रेंज पोचत नसे, म्हणून मी बैठकच ताब्यात घेतली. दिवाण भिंतीला सरकवला, खिडकीपाशी टेबल मांडले आणि चाकांची एक खुर्ची आणली. बाबांनी आपण होऊन आपले वर्तमानपत्र, चष्मा आणि ट्रान्झिस्टर मागच्या ओसरीत हलवला. मला ते समंजसपणाचे वाटले.

मीटिंग या गोष्टीविषयी बाबांना विलक्षण आदर होता. माझ्या संगणकात मीटिंग सुरू आहे म्हणजे साहेब जातीने घरात येऊन बसलेला आहे, अशी त्यांची समजूत होती. बैठकीतून नुसते पलीकडे जायचे असले तरी ते बनियनवर सदरा चढवीत. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून वरण उघड्या पातेल्यात शिजवीत. फाटकाशी कुणी आले की बाहेर जाऊन दबक्या आवाजात सांगत, “हळू बोला. साहेब आहे घरात.” त्यांचा दबका आवाज साध्या आवाजापेक्षा मोठा होता आणि तो अकोल्यापर्यंत ऐकू जाई. एकदा आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मीटिंग थांबवून विचारले होते, “मॅडम, तुमच्याकडे कोण साहेब आलेत?”

शेजारच्या काकूंना मात्र हा आदर शिवला नव्हता. घरी असलेली बाई रिकामी असते, यावर त्यांची श्रद्धा होती. “घरीच असतं ना व तू?” असे म्हणत त्या स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हाती देत आणि सिलिंडर येणार आहे, पाणी येणार आहे, सुनेचे पार्सल येणार आहे असे सांगून निर्धास्तपणे बाजारात जात. मी नाही म्हणू शकत नसे. काही दिवशी मी कापसावरील किडीची वाक्ये दुरुस्त करता करता त्यांच्या सुनेच्या चपलांसाठी सही करत असे.

ऑफिसच्या दिवसांची गोष्ट याच्या बरोबर उलट होती. त्या दिवशी बाबा माझ्या आधी उठत. डबा भरत, ऑटोवाल्याला फोन करत आणि माझा चहा संपायच्या आत फाटक उघडून उभे राहत. “चाल, चाल. बडनेऱ्याची गाडी कोनासाठी थांबत नाही.” इतक्या तत्परतेने मला आजवर कुणीच कुठे पाठवले नव्हते. जुन्या अपडाउनवाल्याला लेकीच्या अपडाउनचे कौतुक वाटते आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

अकोल्याचे ऑफिस एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे सगळे कानांवर हेडफोन चढवून बसतात. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना चहाला जायचे असेल तर त्या माझ्याकडे वळून पाहत नाहीत. माझ्या पडद्यावर ‘चहा?’ असा संदेश येतो. साहेब काचेच्या केबिनमध्ये बसतात आणि मीटिंग पडद्यावरूनच घेतात, कारण काही जण त्या दिवशी घरी असतात. मला काचेतून साहेबांचे ओठ हललेले दिसत आणि त्यांचे शब्द अंमळ उशिरा कानात येत. या सोहळ्यासाठी मी बडनेऱ्याहून येत असे. माझी तक्रार नव्हती. ज्या ठिकाणी कुणी कुणाशी बोलत नाही ते ठिकाण माझ्यासारखीला सोयीचेच असते.

हे असे सुरळीत चालले असते. पण त्या हिवाळ्यात मला बाबांविषयी शंका येऊ लागली.

पहिल्यांदा लक्षात आले ते दूध. ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी घरी यावे तर दुधाचे पातेले रिकामे, घासून पालथे घातलेले. “सगळे दूध कुठे गेले?” असे विचारले तर बाबा म्हणत, “पेलो ना मी.” साखरेचा आजार असलेल्या एका माणसाने एवढे दूध पिणे मला काही पटेना. मग खुर्च्या. मी गेल्यावर त्या कुठेतरी जात आणि परत येत, पण थेट आपल्या जागी येत नसत. दिवाण वीतभर भिंतीपासून सुटलेला असे. माझ्या चाकांच्या खुर्चीवर एकदा एक चौकटीचा रुमाल घडी करून ठेवलेला सापडला. तो आमच्या घरातला नव्हता. मी तो बाबांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि खिशात घातला.

आणि एका रविवारी दुपारी, ओसरीत डुलकी घेत असताना, ते एकदम स्पष्ट आवाजात म्हणाले, “मूर्तिजापूर आलं. उतर.”

मी ओट्याशी उभी होते. मूर्तिजापूर हे अकोल्याच्या वाटेवरचे स्टेशन. सेवानिवृत्त होऊन इतकी वर्षे झाली आणि हा माणूस मनाने अजून गाडीतच बसलेला आहे, हे मला त्या क्षणी समजले. किंवा समजले असे मला वाटले. वयस्कांच्या विस्मरणाविषयी मी बरेच वाचले. जे जे वाचले ते ते बाबांना लागू पडत गेले. वस्तू भलत्या जागी ठेवणे, जुन्या काळात वावरणे, विचारल्यावर चिडणे. काकूंनीही भिंतीपलीकडून भर घातली : “तू नसली का तुया घरी लय गडबड असते, बाई. तुये बाबा हासतेत काय, बोलतेत काय!” कोणाशी, एवढाच प्रश्न मी विचारायचा होता. तो विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. ‘एकटेच’ हे उत्तर मी स्वतःच देऊन टाकले.

त्याच सुमारास साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केले, की आमच्या गटातल्या एका व्यक्तीला आठवड्याचे पाचही दिवस घरून काम करण्याची मुभा देता येईल. ज्याला घरची खरीखुरी अडचण असेल त्याने त्यांच्याशी बोलावे. ‘बोलावे’ या शब्दापाशी मी अडले. साहेब माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान आहेत, मूळचे दर्यापूरकडचे, स्वभावाने सौम्य. पण मागणे ते मागणेच. दोन दिवस मी वाक्ये तयार करत होते. ‘सर, एक विनंती होती’ हे फार दीनवाणे वाटले. ‘सर, माझी अशी परिस्थिती आहे’ हे त्याहून वाईट. शेतकऱ्यांना मी रोज सांगते, की वाक्य लहान असावे आणि क्रियापद आज्ञार्थी असावे. स्वतःसाठी तसे एकही वाक्य मला करता येईना. दुसरीकडे, मंगळवारी आणि गुरुवारी बाबा घरात एकटे असतात, गॅस पेटवतात, आणि मनाने मूर्तिजापूरला उतरतात, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हते. ते कधी खरोखरच फाटक उघडून बडनेऱ्याला निघून गेले तर?

शेवटी ठरवले, की असे बोलणे पडद्यावरून नको. गुरुवारी अकोल्याला जाऊन समोरासमोर बोलावे.

गुरुवारी बाबांनी नेहमीप्रमाणे डबा भरला. तो हातात देताना म्हणाले, “आज उशीर झाला तरी चालन. घाई करू नोको.” मला भरून आले. गाडीत संपूर्ण वेळ मी वाक्यांची उजळणी केली. ऑफिसात पोचले तर साहेबांची काचेची केबिन रिकामी. शेजारच्या बाईंकडे पाहिले, तेव्हा माझ्या पडद्यावर संदेश आला : ‘सर आज घरून.’

तेव्हा मी त्या रिकाम्या केबिनमध्ये जाऊन, साहेबांच्याच खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसून, साहेबांना पडद्यावरून फोन लावला. त्यांच्या मागे कपड्यांची दोरी दिसत होती. मी माझी सगळी वाक्ये विसरले. मी एवढेच म्हणू शकले, “सर, बाबा दिवसभर एकटे असतात. त्यांचे विसरणे वाढले आहे. मला घरी राहायला हवे.”

“अहो मॅडम, मग इतके दिवस बोलला का नाहीत?” साहेब म्हणाले. “सोमवारपासून तुम्ही पाचही दिवस घरून करा. मी वरती कळवतो. आणि आज तरी कशाला थांबता? जा तुम्ही घरी.”

एवढे सोपे असते मागणे, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते. मिळेल त्या गाडीने मी परत निघाले. बडनेऱ्याला उतरल्यावर, आनंदाच्या भरात, स्टेशनाबाहेर बाबांसाठी आलुबोंडे घेतले. आता त्यांना एकही दिवस एकटे राहावे लागणार नाही, ही बातमी मी त्यांना कशी सांगेन, याचेही एक वाक्य ऑटोत तयार केले.

दारात चपला होत्या. बाबांच्या धरून तीन जोड.

खिडकीतून आवाज येत होता.

“उतर ना बे आता. मूर्तिजापूर आलं कवाचं.” हा बाबांचा आवाज होता, पण मी तो लहानपणानंतर कधी ऐकला नव्हता.

“एवढा डाव तं होऊ दे.”

“गाडी थांबते काय तुयासाठी? पाने ठेव अन् चाय टाक.”

मी दार लोटले. माझे टेबल कोपऱ्यात ढकललेले होते. दिवाण खिडकीशी आणला होता आणि त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर, दोन खुर्च्या मांडल्या होत्या. हुबेहूब डब्यातल्या समोरासमोरच्या बाकांसारख्या. मधोमध, सगळ्यांच्या गुडघ्यांवर तोलून, बाबांची जुनी रेक्झिनची ब्रीफकेस आडवी ठेवलेली, तिच्यावर टॉवेल, टॉवेलावर पत्ते. बाबा खिडकीशी बसले होते. समोर त्यांचे दोन सोबती. एक चाचा, ज्यांचे अकोल्यात शिलाईचे दुकान होते; बाबांच्या साऱ्या पँटी त्यांनी शिवल्या आणि मापे नेहमी चालत्या गाडीत घेतली, त्यामुळे एक पाय दुसऱ्याहून किंचित लांब असे. दुसरे गुरुजी, जे मूर्तिजापूरच्या शाळेत शिकवत. ते चहा टाकायला अर्धवट उठले होते. मला पाहून तसेच खाली बसले.

“टीसी आली रे,” चाचा हळूच म्हणाले.

कुणी हसले नाही. बाबांनी हातातले पत्ते टॉवेलाखाली सरकवले. घरात चोरून आंबा खाताना सापडलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे असते, ते त्यांच्या चेहऱ्यावर होते.

“तू कशी काय? गाडी चुकली काय?”

“नाही. सरच आज घरी होते.”

“वा!” चाचांनी मांडीवर हात मारला. “साहेब घरी बसला अन् बेटी अकोल्याले जाऊन आली. याले म्हन्तेत नौकरी. आओ बेटी, आपल्याच घरी उभी काहून?”

मी बसायला गेले ती माझ्या चाकांच्या खुर्चीकडे. ती बाबांच्या शेजारी, दिवाणाला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यावर तो चौकटीचा रुमाल होता. माझा हात मध्येच थांबला.

“धरेल जागा हाय ते,” गुरुजी म्हणाले, आणि मग, मला समजले नाही हे पाहून, त्यांनी सांगितले. त्यांचा चौथा सोबती एका बँकेत रोखपाल होता. रोज अगदी गाडी सुटता सुटता धावत यायचा, म्हणून बाकीचे तिघे रुमाल टाकून त्याची जागा धरून ठेवत. चौघांची मेंढीकोट चालत असे. तो मागच्या वर्षी वारला. आता तिघांची रमी चालते.

“तो तं लेटच येत होता नेहमी,” बाबा खिडकीकडे पाहत म्हणाले.

चाचांनी उठून रुमाल उचलला, झटकला आणि खिशात ठेवला. “बस, बेटी. आज काही येत नाही तो.”

अशा रीतीने, माझ्याच घरात, माझ्याच पगारातून घेतलेल्या खुर्चीवर, मला दुसऱ्याच्या धरलेल्या जागेवर सवलतीने बसण्याची परवानगी मिळाली. आलुबोंड्यांची पुडी मी ब्रीफकेसवर ठेवली. गुरुजींनी ती सोडली आणि वातावरण एकदम निवळले. मूर्तिजापूर आले की गुरुजींनीच चहा टाकायचा असतो, असा नियम होता. कारण नोकरीत असताना मूर्तिजापूर आले की त्यांना उतरावे लागे आणि उरलेल्या तिघांचा डाव मोडे. त्याची ही भरपाई.

“जिंदगीभर मूर्तिजापूरच्या समोर नाही गेलो या लोकायसंग,” स्वयंपाकघरातून गुरुजी ओरडून सांगत होते. “आता चाय घेऊन परत गाडीत बसतो. पार अकोल्यापर्यंत जातो. पेन्शनीत भेटलं हे सुख!”

बाबांच्या कपात साखर नव्हती, हे मी पाहिले. चाचांनी ते आपण होऊन सांगितलेही : “तुया बापाले आमी गोड देत नाही. मागं चक्कर आली तवा हाच नाडी धरून बसला होता, हा मास्तर.” मला त्या चकरेची माहिती नव्हती. ती एका गुरुवारी आली होती. ज्या दोन दिवशी मी त्यांना एकटे सोडून जाते म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, त्या दोन दिवशी ते एकटे नव्हतेच. एकटे असत ते उरलेल्या तीन दिवशी, मागच्या ओसरीत, सदरा चढवून, माझी मीटिंग संपण्याची वाट पाहत.

“मंगळवार-गुरुवारच जमते आमचं,” चाचा सांगत होते. “बाकी दिवस तुये साहेब असतेत ना घरात.”

“म्या तं शुगर तपासाचा वार बदलून घेतला,” गुरुजी म्हणाले. “मंगळवारचा बुधवार केला.” मग पत्ते पिसता पिसता, सहज विचारल्यासारखे : “बाई, तुमच्या कंपनीत ऑफिसचा एखांदा दिवस वाढून नाही भेटत काय?”

“गप बे,” बाबा म्हणाले. “तिच्या नौकरीत आपन बोलाव नाही.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते इतक्या निश्चयाने पत्त्यांकडे पाहत राहिले, की त्यांनाही तेच विचारायचे आहे हे मला कळले. विचारणे हा त्यांचाही प्रांत नव्हता. ऑटोत तयार केलेले वाक्य माझ्या तोंडात तसेच राहिले.

मी अकोला येईपर्यंत बसले. अकोल्याआधीचे बोरगाव गेल्यावर बाबांनी टॉवेलाची घडी घातली, चाचांनी टोपी सारखी केली, आणि तिघेही उतरण्याच्या बेताने थोडा वेळ उगाच उभे राहिले. मग चाचा आणि गुरुजी चपला घालून आपापल्या घरी गेले. बाबांनी खुर्च्या जागच्या जागी लावल्या. जवळजवळ जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी, घरून काम करत असताना, मी साहेबांना पुन्हा फोन लावला. पहिले मागणे किती सोपे होते, हे मला तेव्हा कळले.

“सर, कालचे ते... पाच दिवस घरून... ते मला नको आहे.”

“का? बाबांची तब्येत?”

“बरी आहे.”

“काल तर म्हणालात विसरणे वाढलेय.”

“त्यांना सगळे आठवते, सर. मला वाटले होते त्यापेक्षा जास्त.”

मी डोळे मिटून घेतले आणि लहान वाक्य केले. “मला ऑफिसचे तीन दिवस हवेत.”

“काहून?” साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून दर्यापूर मी प्रथमच ऐकले.

खरे कारण सांगायचे तर मंगळवारी आणि गुरुवारी आमच्या बैठकीतून पॅसेंजर सुटते, हे सांगावे लागले असते. मी म्हणाले, “ऑफिसात लक्ष लागते, सर.”

या वाक्याचा परिणाम माझ्या कल्पनेपलीकडचा झाला. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझे नाव घेऊन माझ्या बांधिलकीचा गौरव केला. घरची अडचण असतानाही एक व्यक्ती ऑफिसचा दिवस वाढवून मागते, याचा सर्वांनी विचार करावा, असे ते म्हणाले. सर्वांनी विचार करण्यापूर्वी वरच्या लोकांनीच तो केला, आणि आठवडाभरात सगळ्या गटालाच तीन दिवस ऑफिसात येणे सक्तीचे झाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा संदेश आला : ‘मॅडम, धन्यवाद.’ त्यापुढे त्यांनी बरेच दिवस ‘चहा?’ पाठवला नाही. मी कधीच कुणाला चहाला विचारले नव्हते. मग एका मंगळवारी मी हेडफोन काढला, त्यांच्याकडे वळले आणि तोंडाने विचारले. त्या इतक्या दचकल्या, की आल्या.

बाबांना मी फक्त एवढेच सांगितले, की आता तीन दिवस जावे लागेल.

“तीन?” त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले. “तिसरा कोनता?”

“शुक्रवार.”

“शुक्रवार नाही जमत. चाचा नमाजले जातेत दुपारी.” आणि लगेच, आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन, “म्हंजे, तुया कंपनीचं काय ते पाय तू. मले काय?”

मी कंपनीला तिसऱ्यांदा विनंती केली. शुक्रवारचा सोमवार करून घेतला. माणसाला सवय लागली की मागणे वाढत जाते, असे माझ्याविषयी ऑफिसात बोलले जात असावे.

त्या सोमवारी परतताना आमची गाडी बराच वेळ कुरूमला थांबून राहिली. घरी पोचायला अंधार पडला. बैठक नीट आवरलेली होती. दिवाण भिंतीपासून वीतभर सुटा. मी तो तसाच राहू दिला. चाकांच्या खुर्चीवर रुमाल होता. तोही उचलला नाही, पलीकडच्या साध्या खुर्चीत बसले. बाबा ओसरीतून आले, त्यांनी रुमालाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“गाडी लेट होती काय?”

“हो. कुरूमला थांबवली होती.” थोडा धीर करून मी विचारले, “तुमची?”

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा चढवला.

“राइट टाइम,” ते म्हणाले, आणि कुकर लावायला आत गेले.